जत्रेतले सोरट आणि काचेच्या दुकानातली बाहुली

सावेडीच्या क्लासला जाणाऱ्या मुलींच्या दप्तराला, नागापूर औद्योगिक वसाहतीत कामावर जाणाऱ्या पोरांच्या मोटारसायकलच्या किल्लीला आणि पुण्याच्या वसतिगृहातून सुट्टीला गावी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सॅकला २०२५ सालापासून एक बाहुली लटकताना दिसू लागली. सशासारखे लांब कान, अंगावर केसाळ झबले, गोल डोळे आणि तोंडभर टोकदार दात. नाव लाबुबू. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ साली मुलांच्या चित्रपुस्तकासाठी हे पात्र रेखाटले. २०१९ पासून पॉप मार्ट या चिनी कंपनीने त्याच्या बाहुल्या करून विकायला सुरुवात केली. २०२४ साली कोरियन गाण्यांच्या दुनियेतल्या लिसा नावाच्या गायिकेने ही बाहुली पर्सला अडकवून मिरवली, पाठोपाठ आपल्या मुंबईच्या नटनट्यांनी मिरवली आणि मग नगरच्या कापड बाजारातही तिची नक्कल दोन-तीनशे रुपयांना टांगली गेली. अस्सल हवी असेल तर हजारांत मोजावे लागतात.

"वकीलसाहेब, आपल्या पोरांनी असल्या महागड्या बाहुल्या जमवणे बरे आहे का?" हा प्रश्न अलीकडे आमच्या बैठकांमध्ये पालक विचारतात. प्रश्न साधा नाही. त्यात बापाचा घाम आहे, पोरांची हौस आहे, बाजाराची लबाडी आहे आणि कायदाही आहे. म्हणून या स्तंभात त्याचे उत्तर सविस्तर देण्याचे योजिले आहे.

प्रथम एक खूळ बाजूला सारू. या बाहुलीत म्हणे सैतान आहे! मेसोपोटेमियातल्या कुठल्याशा प्राचीन राक्षसाचे तोंड आणि हिचे तोंड सारखे आहे, ही बाहुली घरात आली की पोरे चिडचिडी होतात, घरावर संकटे येतात, अशा चित्रफिती २०२५ साली मोबाईलवर घरोघर फिरल्या. दूरचित्रवाणीवरच्या एका नामवंत विनोदी अभिनेत्रीने तर आपल्या लहान मुलाच्या खोड्या वाढल्या म्हणून ती बाहुली कॅमेऱ्यासमोर जाळून टाकली. कोट्यवधी लोकांनी पाहिलेला माणूस असे करतो तेव्हा त्याचा परिणाम आमच्या पाथर्डी-शेवगावच्या वस्तीपर्यंत होतो. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्या राज्यात हे चालते. आणि बांधकामावर लिंबू-मिरचीशेजारी काळी बाहुली टांगणारा समाज परदेशी बाहुलीत भूत शोधू लागला, यात नवल तरी काय? कापूस, कापड आणि प्लॅस्टिक यांत भूत नसते. ज्या आईबापांनी भुताच्या भीतीने बाहुली फेकली, त्यांनी पोरांना चुकीचे कारण शिकवले. महागडी वस्तू विकत घेण्याने झालेले नुकसान पैशाचे असते, ते भरून निघते. हे दुसरे नुकसान डोक्याचे आहे.

आता दुसरे टीकाकार. हे सुशिक्षित, पांढरपेशे. इंग्रजी-मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत हे लिहितात की आजच्या तरुणांना पैशाची किंमत राहिली नाही, आमच्या वेळी आम्ही चिंध्यांच्या बाहुल्यांशी खेळलो आणि सुखी होतो. यांच्या घरच्या शोकेसमध्ये स्वित्झर्लंडची घड्याळे आणि परदेश दौऱ्यातून आणलेले चिनी मातीचे सामान मांडलेले असते, तो छंद! आणि कंत्राटी कामगाराच्या पोराने एक बाहुली घेतली की ती उधळपट्टी! असल्या उपदेशाशी आमचा काडीचाही संबंध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या समाजाला शतकानुशतके चांगले कापड अंगावर घालू दिले नाही, सोन्याचा मणी गळ्यात बांधू दिला नाही, त्या समाजाच्या मुलाने सुंदर, महागडी आणि सर्वस्वी निरुपयोगी वस्तू स्वतःच्या कमाईतून विकत घ्यावी, यात आम्हाला गैर काहीच दिसत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना काय सांगितले होते? अस्पृश्यतेची खूण ठरलेली नेसण आणि ते जड दागिने टाका, इतरांसारखे नीटनेटके राहा. स्वतः बाबासाहेब उत्तम शिवलेला सूट घालीत, उंची फाउंटन पेन बाळगीत. गरिबी मिरवणे ही आमची परंपरा नाही.

आणि महागड्या छंदाचेच म्हणाल तर आमच्या इतिहासात त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. भीमरावांना पुस्तके हवी असत आणि सुभेदार रामजींच्या हाती पैसे नसत. मग ते लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत, सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. हिशेबी माणसाच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता. पुढे न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थीदशेत, पोटाला चिमटा काढून, बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१७ साली परत येताना वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान पहिल्या महायुद्धात टॉर्पेडोला बळी पडून बुडाले. तरी माणूस थांबला नाही. मुंबईत दादरला राजगृह बांधले ते पुस्तके ठेवता यावीत म्हणून.

तेव्हा 'महाग' हा आमचा आक्षेप असू शकत नाही. 'बाहुली' हाही नाही. बाहुल्या जमवण्यातून केवढे काम उभे राहू शकते याचा दाखला दिल्लीत आहे. हंगेरीच्या राजदूताने नेहरूंना मुलांच्या स्पर्धेत बक्षीस देण्यासाठी एक बाहुली दिली. व्यंगचित्रकार शंकर यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती मागून घेतली आणि पुढे देशोदेशींच्या बाहुल्या जमवीत गेले. त्यातून १९६५ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उभे राहिले. सहा हजारांवर बाहुल्या तिथे आहेत. कुठल्याही शाळेच्या मुलाने जावे आणि जपानी बाहुली किमोनो कशी नेसते ते पाहावे. (होय, हेच ते शंकर. ज्यांनी १९४९ साली राज्यघटनेच्या कामाला गोगलगाय करून बाबासाहेबांना तिच्यावर बसवले होते आणि ज्या व्यंगचित्रावरून २०१२ साली 'एनसीईआरटी'च्या पुस्तकाचा वाद पेटला. ते चित्र आम्हाला तेव्हाही खटकले, आजही खटकते. पण बाहुल्यांचे काम चांगले आहे, ते चांगलेच म्हणावे लागेल.) आपल्या पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली भांडी अशा वीस हजारांवर वस्तू झाल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाचे ते संग्रहालय त्यांनी १९७५ साली शासनाला देऊन टाकले. या दोघांनी काय घ्यायचे ते स्वतः ठरवले. वस्तू हाती घेऊन, उलटीसुलटी करून पाहिली, तिची माहिती काढली, मग घेतली.

लाबुबूच्या गिऱ्हाइकाला नेमके हेच करता येत नाही. ती बंद पेटीत विकली जाते. दुकानात तिला 'ब्लाइंड बॉक्स' म्हणतात, म्हणजे आंधळी पेटी. एका मालिकेत सहा नमुने, सहा रंग. पेटीवर सहाही छापलेले, आत कोणता ते माहीत नाही. आणि या सहांखेरीज सातवा एक गुप्त नमुना. तो सरासरी ७२ पेट्यांत एकदा निघतो. पैसे आधी मोजायचे, पेटी नंतर फोडायची.

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला याचे नाव शिकवावे लागणार नाही. मढीच्या यात्रेपासून गावच्या उरुसापर्यंत जत्रा पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, याला सोरट म्हणतात. पथारीवर मध्यभागी घड्याळ, ट्रान्झिस्टर, स्टीलची कळशी मांडलेली असते. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या असतात. पैसे द्यायचे, चिठ्ठी फाडायची, आकडा निघेल ती वस्तू आपली. नजर कळशीवर आणि हातात फणी. पोर पुन्हा बापाचा सदरा ओढते, "अजून एक." फणी मिळालीच की, रिकाम्या हाताने कोण गेले? सोरटवाला हेच म्हणतो. आणि आज काचेच्या दुकानातला विक्रेताही तेच म्हणतो : प्रत्येकाला बाहुली मिळते, यात जुगार कुठला?

हिशेब करून पाहू, कारण आमच्या पोरांना हिशेब कळतो. या मालिकेतल्या एका पेटीची चीनमधली छापील किंमत ९९ युआन, २०२५ च्या दराने साधारण बाराशे रुपये. इथे येईपर्यंत ती कितीतरी वाढते, पण आपण बाराशेच धरू. एक एक सुटी पेटी घेत गेल्यास सहाही रंग पुरे व्हायला सरासरी चौदा-पंधरा पेट्या लागतात, कारण तोच तो रंग पुन्हा पुन्हा निघतो. म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये. गुप्त बाहुलीसाठी ७२ पेट्या घेतल्या तर ८६,४०० रुपये. बरे, ७२ घेतल्या म्हणजे ती मिळेलच असेही नाही. प्रत्येक पेटीत ७२ पैकी ७१ वेळा ती नसते. हा गुणाकार ७२ वेळा करा. शंभरातल्या ३६-३७ जणांना ७२ पेट्या फोडूनही ती दिसणार नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ८६,४०० रुपये म्हणजे २७७ दिवसांची मजुरी, आणि कायद्याने हमी होती शंभर दिवसांची. पुण्यात शिकणाऱ्या आपल्या मुलाला स्वाधार योजनेतून निवास, भोजन आणि निर्वाहासाठी मिळतात वर्षाला ६०,००० रुपये.

कोणी म्हणेल, ७२ पेट्या घेतो कोण? कोणीच घेत नाही. लोक एक घेतात, मग दुसरी, मग 'आता शेवटची'. आमच्याकडे एक तरुण आला होता. कारखान्यात कंत्राटावर, हातात येणारा पगार तेरा हजारांच्या आत. त्याने मोबाईलवरच्या एका विक्रेत्याकडून दोन महिन्यांत पाच पेट्या मागवल्या होत्या. त्यातल्या तीन एकाच रंगाच्या निघाल्या. त्याला ग्राहक न्यायालयात जायचे होते. "मला फसवले" असे तो म्हणत होता आणि त्याचे म्हणणे आम्हाला मनापासून पटत होते. पण कागद समोर घेऊन बसलो तेव्हा अडचण कळली. साडी पिवळी सांगून हिरवी दिली तर वस्तू वर्णनाप्रमाणे नाही म्हणून भांडता येते, १९३० च्या वस्तूविक्री कायद्यात तशी तरतूद आहे. इथे विक्रेत्याने रंग सांगितलाच नव्हता. "सहापैकी एक" एवढेच त्याचे वचन आणि ते त्याने पाचही वेळा पाळले होते. पोराने पैसे मोजले ते हव्या त्या रंगाच्या आशेसाठी आणि विक्रेत्याने विकली ती आशाच. मात्र पावती फाडली बाहुलीची.

आमचे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे. सगळे नमुने खरोखर सारख्या मोलाचे असते तर गुप्त बाहुलीला पुनर्विक्रीच्या बाजारात अनेक पट भाव आला नसता. म्हणजे पेटीत वस्तू आहे आणि वस्तूच्या आडून बक्षीसही आहे. वस्तू विकणे हा व्यापार. बक्षिसाची आशा विकणे याला आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच व्यापार म्हणायला नकार दिला आहे. तो खटला मुंबई राज्याचाच. आर. एम. डी. चमारबागवाला हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा बाहेरच्या राज्यातून चालत आणि त्यांचे अंक मुंबई राज्यात खपत. मुंबई सरकारने त्यांच्यावर नियंत्रण आणि कर बसवला, तेव्हा चालक घटनेच्या कलम १९ (१) (ग) आणि ३०१ यांचा आधार घेऊन न्यायालयात गेले, की आमच्या व्यापाराच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. न्यायालयाने सांगितले, जुगार हा व्यापारच नव्हे, त्याला हे संरक्षण मिळणार नाही. शब्दकोड्याला निदान डोके तरी लागत असे. पेटी फोडायला काय लागते?

आंधळी पेटी कायद्याच्या व्याख्येत पुरती जुगार ठरते, असे आम्ही आज छातीठोकपणे म्हणत नाही. प्रत्येक पेटीत विकण्याजोगी वस्तू आहे हा विक्रेत्याचा बचाव न्यायालयात वजनदार ठरू शकतो. पण मग तोच बचाव सोरटवाल्याला का मिळत नाही? महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक जागी जुगार खेळताना-खेळवताना सापडलेल्याला त्याच्या १२ (अ) कलमाखाली पोलीस वॉरंटाशिवाय पकडतात. अशा खटल्यांत पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. भूमिहीन, पालावरचा, दोन जत्रांमधल्या दिवसांत हमाली करणारा. मुद्देमाल म्हणून पंचनाम्यात लिहिलेले असते, एक पुठ्ठा, चिठ्ठ्या आणि काही शे रुपये. त्याचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही. जत्रेत पोरांच्या हातून पैसे काढणे वाईटच. परंतु पथारीवर मांडले की गुन्हा आणि वातानुकूलित दुकानात मांडले की छंद, हा न्याय कोणत्या संहितेतला?

पॉप मार्टची २०२४ सालची उलाढाल तेराशे कोटी युआनच्या घरात होती. आमच्या सोरटवाल्याला त्यातले शून्य मोजता येणार नाहीत.

ज्या देशात हा धंदा फोफावला त्या चीनने तरी काय केले ते पाहा. तिथल्या बाजार नियमन यंत्रणेने जून २०२३ मध्ये आंधळ्या पेट्यांसाठी मार्गदर्शक नियम काढले. आठ वर्षांखालच्या मुलाला अशी पेटी विकायची नाही आणि त्यापुढच्या अल्पवयीनाला पालकाच्या संमतीशिवाय विकायची नाही. नमुने कोणते आणि कोणता किती प्रमाणात निघतो हे जाहीर करायचे. कंपनीची मायभूमी जे नियम लावते तेही आपल्याकडे नाहीत.

आपल्याकडे कायदा नाही असे मात्र नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २ (४७). अनुचित व्यापार प्रथा म्हणजे काय याची तिथे यादी आहे. त्यात एखाद्या वस्तूचा खप वाढवण्यासाठी स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ चालवू देणे ही अनुचित प्रथा म्हणून स्पष्ट नोंदवलेली आहे, नियमांनी सूट दिलेले प्रकार वगळून. आमच्या मते आंधळ्या पेटीवर बोट ठेवायला हे कलम पुरेसे आहे. शिवाय अल्पवयीनांचा मुद्दा. अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार रद्दबातल, हे १८७२ च्या करार कायद्यावरून प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. तरी आठवीतला मुलगा बापाच्या मोबाईलवरून पैसे पाठवतो आणि पेटी घरी येते. आणखी एक मेख. १ जानेवारी २०२१ पासून देशात चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर 'आयएसआय' चिन्ह सक्तीचे आहे. या पेटीवर छापलेले असते 'पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी'. म्हणजे हे खेळणे नव्हेच, ही प्रौढांची संग्राह्य वस्तू! आणि फुटपाथवरच्या नकला घ्याव्यात तर त्यांचे छोटे तुकडे निखळून लहान मुलाच्या घशात अडकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला.

'ही तर गुंतवणूक आहे' असे म्हणणाऱ्या तरुणांसाठी दोन शब्द. जून २०२५ मध्ये बीजिंगला माणसाएवढी एक लाबुबू लिलावात १० लाख ८० हजार युआनला, म्हणजे सव्वा कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेली. ती बातमी सर्वांनी वाचली. त्याच महिन्यात कंपनीने नवा माल मोठ्या प्रमाणात बाजारात सोडला आणि दुय्यम बाजारातले भाव कोसळले, ती बातमी कोणी वाचली नाही. जी वस्तू कारखान्यात पाहिजे तेवढी काढता येते तिचा भाव कारखानदाराच्या हाती असतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात 'बीनी बेबीज' नावाच्या कापडी बाहुल्यांचे असेच वेड होते. १९९९ साली लास व्हेगासच्या न्यायालयात एका घटस्फोटित जोडप्याने न्यायाधीशांसमोर फरशीवर बसून त्या बाहुल्या एक तुला, एक मला अशा वाटून घेतल्या. घर नव्हे, जमीन नव्हे, बाहुल्या! थोड्याच काळात त्यांना कोणी विचारीनासे झाले. वकिलीत आम्ही वाटण्या पुष्कळ पाहिल्या, पण ही ऐकली तेव्हा त्या न्यायाधीशांची दया आली.

तर मूळ प्रश्न. पोरांनी या बाहुल्या जमवाव्यात का? शिकणाऱ्या, आईबापांच्या किंवा शिष्यवृत्तीच्या पैशावर राहणाऱ्या मुलाने आंधळी पेटी घेऊ नये. यात आम्ही मधला मार्ग काढणार नाही. ते पैसे मेसचे आहेत, ते फॉर्म भरण्याचे आहेत. कमावत्या तरुणाने, बाहुली आवडते म्हणून, उघडी, रंग पाहून, किंमत विचारून, पावती घेऊन एखादी घेतली तर ती त्याची मर्जी. तिथे आमची किंवा कोणाचीही ढवळाढवळ नको. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला उपदेश करताना उत्पन्नाचे चार भाग सांगितले. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी, चौथा अडचणीसाठी राखून ठेवण्यासाठी. उपभोगाचा भाग त्यांनी वगळलेला नाही, हे आमच्यातल्या अतिकडक मंडळींनीही लक्षात घ्यावे. त्याच सुत्तात जुगाराने होणारे सहा तोटे मोजून दाखवले आहेत. हौस आणि जुगार एकाच उपदेशात दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले गेले ते अडीच हजार वर्षांपूर्वी. दुकानदाराने आज ते एका पेटीत घातले आहेत.

आणि पालकांनी बाहुली जाळू नये, फेकू नये, पोरांना चारचौघांत लाजवूही नये. पेटीवरची ती '१:७२' ची बारीक अक्षरे दाखवावीत आणि वही देऊन वरचा हिशेब त्याच्याचकडून करून घ्यावा. अकरावीच्या मुलाला तो येतो.

राहिले प्रशासन. वरील ग्राहक कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथेबद्दल तक्रार आल्यास जिल्हाधिकारी आपल्या हद्दीत चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. एकट्यादुकट्या ग्राहकासाठी ही तरतूद नाही, ग्राहकवर्गाच्या हक्कांसाठी आहे, आणि म्हणूनच ती इथे कामाची आहे. तीन रंग सारखे निघालेल्या आमच्या त्या तरुणाचा दावा एकट्याने उभा राहणे कठीण, परंतु त्याच्यासारखे पंचवीस जण मिळून कलम २ (४७) वर बोट ठेवतात तेव्हा चौकशी टाळणे अवघड जाते. अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. दुकानांतून आणि मोबाईलवरून जिल्ह्यात होणाऱ्या आंधळ्या पेट्यांच्या विक्रीची चौकशी करावी, अठरा वर्षांखालच्या मुलांना विक्री बंद करण्याची शिफारस प्राधिकरणाकडे करावी आणि पेटीवर कोणता नमुना किती प्रमाणात निघतो ते मराठीत, ठळक छापण्याची सक्ती सुचवावी.

असा अर्ज करायला वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, सहीनिशी चालतो. सोबत पेटीच्या चारही बाजूंचे फोटो, पैसे पाठवल्याची मोबाईलवरची नोंद आणि विक्रेत्याशी झालेले संदेश जोडावेत. अर्जाची पोच घ्यावी. एकट्याने जिल्हा ग्राहक आयोगात जायचे असेल तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुख्य म्हणजे फोडलेल्या पेट्या फेकून देऊ नका. बाहुलीपेक्षा पेटीचा पुरावा मोठा आहे.